एकाच कोंबड्याचा दोनदा लिलाव

चहा घ्या, बिस्किटं घ्या, आणि हसायचं असेल तर खुशाल हसा. माझ्या हातून एक कोंबडा गेलाय. नुसता गेला असता तर मी तुम्हाला कशाला सांगत बसलो असतो? कोंबडे जातातच. पण तो ज्या रीतीनं गेला ती रीत खास माझी आहे. दुसऱ्या कुणाला ती जमली नसती, असं आमच्या गावाचं एकमुखी मत पडलं. आणि आमच्या गावात एकमुखी मत पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नाही. चर्चच्या सतरंजीचा रंग ठरवायला आमच्या पंचकमिटीला दोन पावसाळे लागले होते.

मी निवृत्त कारकून. सगळी नोकरी एका तालुक्याच्या कचेरीत काढली आणि निवृत्त होऊन गावी आलो. गाव खर्ड्याच्या अलीकडं, जिल्ह्याच्या पार कडेला. जिल्हा कागदावर अहिल्यानगर, पण कंडक्टरकडं पैसे देताना अजून तोंडातून 'एक नगर' असंच निघतं. लोक मला भाऊसाहेब म्हणतात. वाचनाचा नाद आहे, त्यामुळं गावात काही नवीन आलं की ते खरं की खोटं हे सांगायचं काम आपोआप माझ्याकडं येतं. मानधन नाही. मान होता, तो आता मोजका उरलाय.

कचेरीनं मला एकच गोष्ट शिकवली. कागद मुरला पाहिजे, लोणच्यासारखा. सकाळी आलेला अर्ज संध्याकाळी निकाली निघाला, तर त्यात काहीतरी काळंबेरं आहे असं समजावं. आमच्याकडं एकदा एका नवख्या कारकुनानं अर्जदाराला त्याच दिवशी दाखला दिला. साहेबांनी त्याला आत बोलावून विचारलं, "किती घेतलेस?" बिचाऱ्यानं काही घेतलं नव्हतं. पण ते सिद्ध व्हायला वर्ष लागलं, आणि वर्ष लागलं म्हणूनच त्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

तर अशा शाळेत तयार झालेला मी. आता कोंबड्याकडं येतो.

आमच्या चर्चमध्ये दरवर्षी कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं असेल ते तो देवाला आणून वाहतो. ज्वारी, तुरीच्या शेंगा, लिंबं, डांगर, कुणी घरी केलेला केक, कुणी कोंबडी. उपासना झाली की बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली या सगळ्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या पेटीत जातात. यात एक गंमत असते. लिलावात घेतलेली वस्तू बरेच जण पुन्हा देवालाच देतात, की लगेच तिचा परत लिलाव. त्या दिवशी एक डांगर असं तीनदा विकलं गेलं, आणि शेवटी ज्यानं आणलं होतं त्याच्याच गळ्यात पडलं. कुणाची काही तक्रार नाही.

लिलाव पुकारायचं काम माझं. खुर्ची, टेबल, पेटीची किल्ली आणि हातोड्याच्या जागी खलातला बत्ता, ही माझी सामग्री.

यंदा मार्थामावशीनं कोंबडा आणला होता. मार्थामावशी म्हणजे चर्चच्या मागं एका खोलीत राहणारी म्हातारी. पहाटेची चर्चची घंटा तीच वाजवते. कोंबड्याचं नाव हवालदार. तुरा, छाती आणि चाल बघितली की दुसरं नाव सुचलंच नसतं. हा हवालदार पहाटे आरवायचा, मग मावशी उठायची, मग घंटा, मग गाव. मावशीकडं मोबाईल आहे, पण चोरीला जाईल म्हणून ती तो ज्वारीच्या डब्यात खुपसून ठेवते. त्यातला गजर ज्वारीला ऐकू जातो.

"मावशी, हवालदारच दिलास?" मी विचारलं. "मग उठशील कशी?"

"दीपकचं काम झालं तर घरातलं सगळ्यात चांगलं देईन, असं बोलले हुते," ती म्हणाली. "मंग काय, लिंबं देऊ?"

दीपक तिचा मुलगा. उत्तरेकडच्या एका थंडगार देशात रुग्णालयात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहे. तिथं कायम राहायचा परवाना त्याला नुकताच मिळाला होता. त्यानं आईला काही न सांगता बेत केला होता, की आपण लिलावात हवालदारला विकत घ्यायचं आणि परत आईच्याच दारात बांधायचं. नवसही फिटला आणि मावशीची पहाटही राहिली. बेत उत्तम. बेतात मी नव्हतो, तोवर उत्तमच होता.

पैसे कसे येणार? तर आमच्या खजिनदार रूथबाई. हायस्कुलात गणित शिकवतात, आणि गणिताच्या मास्तरणीची जीभ कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी लिलावाआधीच उभं राहून सांगितलं, "दीपक फोनवर बोली लावील. तो डिजिटल नाण्यांत पैसे पाठवील, ती माझ्या फोनवर येतील, आणि मी तेवढे रुपये पेटीत टाकीन. बँकेनं पाठवले तर चार दिवस लागतात."

पंचांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मनात म्हटलं, चार दिवस हा तर सभ्य वेळ आहे, त्यात वाईट काय?

लिलाव सुरू झाला. एका बाजूला रूथबाईंच्या फोनच्या पडद्यावर दीपक, डोक्यावर लोकरी टोपी. दुसऱ्या बाजूला याकोबभाऊ. हा बोअर मारायच्या गाडीचा मालक. जमिनीत कितीही खोल जायची सवय असलेला माणूस, खिशात जायला काय घाबरतोय? शिवाय त्याचा नवा जावई त्याच दुपारी पहिल्यांदा जेवायला यायचा होता. हवालदारकडं तो अशा नजरेनं बघत होता की मला त्याच्या डोळ्यात रस्सा दिसत होता.

आकडा चढत चढत हवालदारच्या वजनाच्या पार पलीकडं गेला. शेवटी याकोब थांबला.

"दीपक! एक वार... दोन वार..." मी नेहमीसारखा ऐसपैस थांबलो. "तीन वार!" आणि बत्ता आपटला.

"आले," रूथबाई म्हणाल्या.

"कोण आलं?"

"पैसे."

मी फाटकाकडं पाहिलं. सवय हो! पैसे येतात म्हणजे कुणीतरी घेऊन येतं.

"तिकडं काय बघताय भाऊसाहेब? इकडं बघा, फोनवर. दीपकनं बटण दाबलं, आले."

"कधी दाबलं?"

"आत्ता. तुमचा बत्ता टेबलावर पडला तेव्हा."

मी चष्मा पुसला, घातला, पाहिलं. हिरवी खूण, खाली रक्कम आणि 'व्यवहार पक्का' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत. मला हसू आलं. अहो, बत्ता उचलून जागेवर ठेवायच्या आत परदेशातून पैसे? आमच्या कचेरीत एका टेबलावरून शेजारच्या टेबलावर कागद जायला आठवडा लागायचा, आणि दोन्ही टेबलांना मध्ये भिंतही नव्हती.

"बाई, हे नुसतं लिहिलंय," मी म्हणालो. "पक्का म्हणजे पक्का केला कुणी? सही कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"मग हेड ऑफिस कुठं आहे?"

"हेड ऑफिस नाही."

"बघा!" मी पंचांकडं वळलो. "ऑफिस नाही, साहेब नाही, सही नाही. आणि म्हणे पैसे आले."

रूथबाईंनी श्वास घेतला. सातवीच्या मुलाला अपूर्णांक समजावताना घेतात तसा. "भाऊसाहेब, जगभर पुष्कळ संगणक आहेत. प्रत्येकाकडं सगळ्या व्यवहारांची तीच नोंद असते. दीपकनं पैसे पाठवले की ते एकमेकांना विचारतात, याच्याकडं हे नाणं आहे का? आहे. हेच नाणं त्यानं आधी दुसऱ्याला दिलंय का? नाही. पुरेशा संगणकांनी हो म्हटलं की नोंद पक्की. मग ती कुणाला खोडता येत नाही, दीपकलाही नाही आणि मलाही नाही."

"आणि हे सगळे मिळून एका क्षणात एकमत करतात?"

"क्षणाच्या आतच."

सतरंजी आठवून पंचांपैकी दोघं खोकले.

"मी वाचलंय याच्यावर," मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "वाचनालयात मासिक आलं होतं. या नाण्यांची खात्री पटायला लोक तासभर थांबतात. तासभर! तुम्ही मला एका क्षणात गुंडाळताय."

"ते जुनं जाळं, भाऊसाहेब. त्यात थांबावं लागतं. हे वेगळं आहे, हे बांधलंच लवकर होण्यासाठी. तुम्ही वाचलेलं मासिक कधीचं होतं?"

मासिक दोन-तीन वर्षांपूर्वीचं होतं. पण चारचौघांत तसं सांगायचं नसतं.

पडद्यावरून दीपक ओरडला, "काका, पोचले ना?"

"प्रक्रिया चालू आहे," मी म्हणालो.

"इकडं तर पोचले म्हणून दाखवतंय!"

"इकडं आणि तिकडं यात फरक असतो, बाळ."

"बरं काका, माझी ड्युटी सुरू होतीय. हवालदारला तेवढं आईकडं द्या," असं म्हणून तो गेला.

इथं मी गप्प बसलो असतो तर आज तुम्ही नुसता चहा पिऊन उठला असता. पण मी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि निर्णय दिला, की रकमेची खात्री पटेपर्यंत कोंबडा राखून ठेवण्यात येत आहे.

"मी आत्ता माझ्या पर्समधून तेवढे रुपये पेटीत टाकते," रूथबाई म्हणाल्या. "मग तर झालं?"

"तसं चालणार नाही. जी रक्कम आलीच नाही तिच्या बदल्यात रुपये घेणं नियमबाह्य आहे."

"कुठल्या नियमाच्या बाहेर?"

नियम मला त्या वेळी आठवला नाही. पण पेटीची किल्ली माझ्याकडं होती, आणि पुष्कळ ठिकाणी नियमाचं काम किल्लीच करते. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, असते तर त्यांनी मला आवरलं असतं. पण ते आमची उपासना आटोपून शेजारच्या गावी उपासनेला गेले होते.

याकोब मात्र बसल्या जागी चुळबुळत होता. "भाऊसाहेब, माझी शेवटची बोली हाय का न्हाई अजून? जावई यायलाय. माझा रोख पैसा काय कडू हाय व्हय?" आणि त्यानं नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

त्या नोटांचा काय तो आवाज! मी एक उचलली, उन्हात धरली, अंगठ्यानं चाचपली. हिला म्हणतात पैसा. ही कुठून आली, कुणी दिली, कुणी घेतली, सगळं डोळ्यांसमोर. मी दीपकच्या नावापुढं शेरा मारला, 'रक्कम अप्राप्त', आणि हवालदारचा दुसऱ्यांदा लिलाव पुकारला. बोली एकच आली. एक वार, दोन वार, तीन वार.

"विकलेला कोंबडा तुम्ही परत विकताय!" रूथबाई जवळजवळ ओरडल्या.

"अहो बाई, मघाशी डांगर तीनदा विकलं, तेव्हा नाही बोललात!"

"डांगर घेणाऱ्यानं परत दिलं होतं! हा दीपकनं दिलाय का?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून मी पुढची वस्तू पुकारली, केक.

रूथबाईंनी फोनवर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाल्या, "चर्चच्या ग्रुपवर व्यवहाराचा पुरावा टाकलाय. कुणीही उघडून बघू शकतं. तुम्हीसुद्धा." मी कुठलीही लिंक उघडत नाही. फसवणूक होते.

मार्थामावशी मागच्या रांगेत होती, तिथवर अर्धंच ऐकू जात होतं. याकोब हवालदारला काखेत मारून निघाला, तशी ती माझ्याजवळ आली. "शमू, दीपकनं घेतला म्हनं कोंबडा? शेजारची सांगत हुती, मलाच परत द्यायचा हाय म्हून. मंग ह्यो का घेऊन चाललाय?"

माझं नाव शमुवेल. मला शमू म्हणणारं माणूस गावात आता ती एकटीच उरलीय.

"मावशी, कार्यवाही चालू आहे. तू घरी जा, काळजी करू नकोस."

"बरं बाबा. तू हायेस म्हनल्यावर काय," असं म्हणून ती घरी गेली.

लिलाव संपला. मी पेटीला कुलूप घातलं, तोवर कोंबडा घरी देऊन याकोब परत आला आणि त्यानं मला हात जोडले. "भाऊसाहेब, दुपारी जेवायला आमच्याकडंच. जावई शिकलेला हाय. आमी त्याच्याशी काय बोलनार, पानी किती फुटावर लागलं त्ये? तुमी असला म्हंजी शोभंल."

गेलो. का नाही जाणार? सकाळभर न्याय केला होता, भूक लागली होती.

जावई भला माणूस. पुण्याला संगणकाचं काम करतो. पंगत मांडली, भाकरी आली, रस्सा आला, आणि माझ्या ताटात मानाची तंगडी आली. असा कोंबडा मी तुम्हाला सांगतो... नको, नाही सांगत.

दोन घास झाल्यावर मी सकाळची हकीकत काढली. कशी एका क्षणात पैसे आल्याची बतावणी झाली, आणि मी ती कशी हाणून पाडली. रंगवून सांगत होतो. जावई सुरुवातीला हसत होता. मग हसायचा थांबला.

"भाऊसाहेब, तो पुरावा ग्रुपवर आहे म्हणालात ना? तुमचा फोन देता?"

मी डाव्या हातानं दिला. उजव्या हातात तंगडी होती.

त्यानं ती लिंक उघडली, बोट फिरवलं. मग शांतपणे म्हणाला, "पैसे आलेत. पाठवल्यापासून पक्के होईपर्यंत एक सेकंदसुद्धा लागलेला नाही. ही सगळ्यांना दिसणारी नोंद आहे, रूथबाईंच्या फोनमधलं चित्र नाही. तुम्ही आत्ता पुण्यातून बघितलं तरी हेच दिसेल, लंडनमधून बघितलं तरी हेच."

"पण इतक्या लवकर?"

"आमच्या कंपनीत याचंच काम चालतं. लवकर झालं म्हणजे कच्चं झालं असं नसतं हो." त्यानं फोन खाली ठेवला. "आणि भाऊसाहेब, हे सगळं जाळं कशासाठी उभं केलंय, सांगू? एकच नाणं कुणाला दोघांना देता येऊ नये म्हणून. तेवढ्यासाठी एवढे संगणक रात्रंदिवस राबतात." तो जरा थांबला. वडीलधाऱ्याचा मान ठेवून थांबला, ते मला कळलं. "आणि तुम्ही एकच कोंबडा दोघांना विकलात."

याकोबचा घास हातातच राहिला.

"म्हंजी ह्यो दीपकचा हुता?" त्यानं ताटाकडं बोट केलं.

"हो."

मी विचारलं, "ते पैसे परत फिरवता येतील का?"

"नाही," जावई म्हणाला. "एकदा पक्के झाले की नाही."

मी ताटात पाहिलं. "आणि हे?"

"ह्येबी न्हाई," याकोब म्हणाला.

त्याच वेळी माझा फोन वाजायला लागला. व्हिडिओ कॉल, दीपक. जावयाचं बोट पडद्याजवळच होतं, त्यानं सवयीनं उचलला आणि माझ्यासमोर धरला.

"काका, सुट्टी झाली जरा. आईचा फोन लागत न्हाई, डब्यात असंल. पोचला का हवालदार?"

नोकरीत किती अवघड प्रश्न आले. आमदारांचे आले, तपासणी पथकाचे आले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कार्यवाही पूर्ण झाली आहे."

"भारी! कुठं बांधलाय?"

आता याकोबच्या बायकोला काही कळायचं कारण नव्हतं. ती चुलीपुढून पातेलं घेऊन थेट माझ्या पाठीमागं आली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, असं काय लाजता? घ्या की अजून. कोंबडा लई मोठा हुता, संपता संपंना!"

दीपकनं पातेलं पाहिलं. माझ्या हाताकडं पाहिलं. त्या थंड देशातून इथपर्यंत चित्र किती स्वच्छ येतं म्हणून सांगू! मध्ये जरा अडखळेल, जरा धूसर होईल, काही नाही.

"काका," तो हळू म्हणाला. "त्यो हवालदार हाय का?"

मी हातातली तंगडी ताटात ठेवली. त्यावर त्याला जी खात्री पटायची ती पटली. त्यालाही क्षणच लागला.

"आईला तुमीच सांगा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

हात धुतले आणि निघालो. याकोब म्हणाला, मी येतो बरोबर, दुसरा कोंबडा घेऊन देऊ, दोन घेऊन देऊ. मी नको म्हटलं. लिलाव मी पुकारला होता. रस्ता दोन मिनिटांचा, पण मी तो बराच मुरवला. चर्चच्या मागं वळलो तर मावशी दारातच बसलेली. समोर ज्वारीचे दाणे पसरलेले, आणि दोरीचा फास मोकळा करून मांडीवर तयार ठेवलेला.

"आलास? कुठाय?"

"मावशी, त्याचं असं झालं. सदर कोंबड्याच्या बाबतीत रक्कम प्राप्त होऊनही ती प्राप्त झाल्याची खात्री वेळेत न झाल्यामुळं..."

"शमू, मराठीत सांग."

"खाल्ला."

ती माझ्याकडं बघत राहिली. "कोनी?"

"याकोबनं. त्याच्या जावयानं."

"आनि?"

म्हातारी माणसं अशी 'आणि' म्हणतात ना, की कचेरीतल्या कुठल्याही चौकशी अधिकाऱ्यानं शिकून घ्यावं.

"आणि मी."

दाण्यांवर चिमण्या आल्या, त्यांना तिनं हाकललं नाही. मग तिनं विचारलं, "कसा झाला हुता?"

"चांगला झाला होता, मावशी."

"व्हनारच. जवारीवर वाढवलेला हुता." तिनं मांडीवरची दोरी उचलून गुंडाळली. "दीपकचं पैसं?"

"ते आलेत. ते तुला परत..."

"परत कशाला? देवाला दिलेत त्ये. त्याची रक्कम ऱ्हाऊ दे, याकोबाचीबी ऱ्हाऊ दे. देवाचा फायदाच झाला." आणि मग खरा प्रश्न आला. "पर आता पहाटं मला उठवायचं कोनी?"

मी म्हणालो घड्याळ आणून देतो. ती म्हणाली घड्याळाचा सेल संपला तर गाव झोपून ऱ्हाईल. मी म्हणालो मोबाईल डब्यातून बाहेर ठेव. ती म्हणाली आन् चोरीला गेला तर दीपकशी बोलू कशी? मी म्हणालो दुसरा कोंबडा आणतो. ती म्हणाली, नवा कोंबडा रुळायला म्हयना जाईल, कधीबी वरडंल, तवर घंटेचं काय?

मग तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. बाजारात जनावर बघतात तसं.

"तू खाल्लास ना?" ती म्हणाली. "मंग तूच ये."

या निर्णयावर अपील नव्हतं.

तेव्हापासून रोज पहाटे मी उठतो. स्वेटर, मफलर, बॅटरी. निवृत्त माणूस, ज्यानं नोकरीत कधी वेळेवर मस्टरवर सही केली नाही, तो अंधारात चर्चच्या मागं जाऊन एका म्हातारीच्या दाराशी उभा राहतो आणि हाक मारतो. ती घंटा वाजवते, मग गाव उठतं. गावातली पोरं मला पाठीमागं काय म्हणतात, ते तुम्ही ओळखलंच असेल, हवालदारच म्हणतात. बढती म्हणायची की पदावनती, अजून ठरवलेलं नाही.

मागं दीपकचा फोन आला तेव्हा मी मावशीच्या दारातच होतो. तो आईला विचारत होता, काका येतात का गं वेळेवर? मी कान टवकारले. म्हटलं, आता तरी दोन बरे शब्द निघतील.

"येतो बापडा, न्हाई कशाला म्हनू," मावशी म्हणाली. "पर हवालदार एकदा वरडायचा, मी उठायची, इषय संपला. ह्यो दारात उभा ऱ्हातो आन् इचारतो, 'मावशी, उठलीस का?' मी म्हनते उठले. तर म्हनतो, 'नक्की उठलीस का?' म्हनते व्हय रं बाबा. तरी ह्याला पटत न्हाई. म्हनतो, 'दिवा लावून दाखव.'"